चौथा टेक

पळून जाणाऱ्या दोन मुलांचा चित्रपट संकलनासाठी माझ्याकडे आला तेव्हा तो ६२ तासांचा होता. दोन हार्ड डिस्क आणि सीनच्या नोंदींची एक जाड फाइल घेऊन दिग्दर्शक दारात उभा होता. त्याचा हा पहिलाच चित्रपट. मुलगी १६ वर्षांची, मुलगा १७ चा. दोघं एका पहाटे गाव सोडतात, मोठ्या शहरात जातात, ११ दिवस एका खोलीत राहतात. गोष्ट एवढीच. "ताई, पळण्याचा सीन जबरदस्त झालाय, तो आधी बघा," तो म्हणाला. मी म्हटलं, "तो त्याच्या नंबराने येईल."

हे काम मी का घेतलं ते सांगते. मी दहावीत असताना आमच्या वर्गातली एक मुलगी पळून गेली होती. पाचव्या दिवशी तिला परत आणलं. महिन्याभराने ती शाळेत आली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. ती कोणाबरोबर गेली, कशी गेली, पैसे कुठून आणले, हे सगळ्या वर्गाला पाठ होतं. मधल्या चार दिवसांत तिचं काय झालं, ती कुठे झोपली, तिला घर आठवलं का, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि त्याआधी दोन वर्षं मी तिच्याच शेजारी बसत होते. पटकथा वाचताना मी ते मधले दिवस शोधत होते. १०४ पानांतली २१ पानं त्यांच्या वाट्याला आली होती.

शूटिंग चालू असताना मी सेटवर जात नाही. एखाद्या शॉटसाठी युनिट रात्रभर पावसात उभं होतं हे मला कळलं, की तो शॉट टाकून देताना माझा हात अडखळतो. प्रेक्षकाला त्या पावसाशी काही घेणं नसतं. त्याला पडद्यावर जे दिसतं तेवढंच दिसतं, आणि त्याच्यासारखं बघणारं निदान एक माणूस युनिटमध्ये असायला हवं. म्हणून रशेस, म्हणजे शूट होऊन आलेलं कच्चं फुटेज, बघताना मी फोन खोलीबाहेर ठेवते, दिवा मालवते आणि मांडीवर वही घेते. फुटेज पहिल्यांदा बघणं एकदाच होतं. दुसऱ्या वेळी आपल्याला सगळं माहीत असतं, मग दचकायला होत नाही, डोळेही भरत नाहीत. त्यामुळे जिथे काहीतरी हललं तिथे सीनचा आणि टेकचा, म्हणजे तो शॉट कितव्यांदा घेतलाय त्याचा, नंबर लिहायचा आणि पुढे एखादा शब्द. का हललं याचा विचार नंतर. ६२ तास बघायला मला ११ दिवस लागले. तेवढेच दिवस ती दोघं त्या खोलीत होती. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

मग पहिली जुळणी. पटकथेत जसे आहेत तसे सगळे सीन एकामागे एक लावायचे, काही गाळायचं नाही. ती ३ तास १२ मिनिटांची झाली. दिग्दर्शकाने ती एका बैठकीत पाहिली, उठला आणि बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. पहिली जुळणी बघून खचला नाही असा दिग्दर्शक मी पाहिलेला नाही, म्हणून मी काही बोलले नाही. चित्रपट वाईट नव्हता, तो अजून झालाच नव्हता.

पहिली चूक आम्ही दोघांनी मिळून केली. घर सोडण्याआधीचा भाग ५५ मिनिटांचा होता. आम्हाला वाटलं, मूळ गोष्ट पळण्याची आहे, तिथे लवकर पोचू या. दोघांच्या भेटी, चिठ्ठ्या, सायकलवरून मागेपुढे जाणं, सगळं एका गाण्यात घातलं आणि चार मिनिटांत उरकलं. गाणं गोड होतं. पण त्यानंतर ती दोघं पळाली तेव्हा मला त्यांची काळजीच वाटेना. हट्टाला पेटलेली दोन पोरं, एवढंच ते दिसत होतं. या वयातल्या प्रेमाबद्दल मोठी माणसं नेमकं हेच म्हणतात, आणि आम्ही कात्री लावून तेच म्हणत होतो. गाण्याने सांगितलं होतं की यांचं प्रेम आहे. ते होताना कोणी पाहिलं नव्हतं. आठ दिवस घालवून आम्ही तो सगळा भाग पुन्हा उघडला.

त्यातल्या एका सीनबद्दल सांगायलाच हवं. तिच्या सायकलची चेन पडलेली आहे. तो बसवून देतो. त्याचे हात काळे झालेत, ती रुमाल पुढे करते, तो घेत नाही. मी हा सीन आधी क्लोजअपवर क्लोजअप लावून कापला होता: तिचा चेहरा, त्याचा, रुमाल, हात. एका मिनिटात १४ कट. प्रत्येक कट प्रेक्षकाला बोट धरून सांगत होता की आता इकडे बघ, आता तिकडे. पुढे मी सगळं काढून दोघं एकत्र दिसतात तो लांबून घेतलेला शॉट लावला आणि ४० सेकंद हात लावला नाही. लाज कशी असते ते तिथे दिसलं. ती रुमाल मागे घेते, घडी घालते, परत उलगडते. त्याला हात कुठे ठेवावेत कळत नाही. मग एकच कट, तिच्या चेहऱ्यावर, आणि तिथून बाहेर पडायचं ते तिच्या पापण्या मिटताना.

पापणीचं हे शहाणपण मी अमेरिकी संकलक वॉल्टर मर्च यांच्याकडून घेतलं. १९७४ साली आलेल्या 'द कॉन्व्हर्सेशन'चं संकलन करताना त्यांना आढळलं, की जिथे कापावंसं वाटतं त्याच्या अगदी जवळ त्यातला नायक जीन हॅकमन याची पापणी मिटलेली असते. माणसाच्या मनात एक विचार संपला की पापणी लवते, असं त्यांनी त्यावरून ताडलं. कोवळ्या वयाच्या नटांबरोबर हे फारच कामी येतं. त्यांना चेहरा सांभाळण्याचं तंत्र अजून आलेलं नसतं, त्यामुळे त्यांच्या पापण्या खोटं बोलत नाहीत.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते निर्णयाने. म्हणजे ही दोघं पळून जायचं ठरवतात कधी? पटकथेत त्यासाठी गच्चीवरचा चार मिनिटांचा सीन होता. संवाद सुरेख लिहिलेले, दोघांनी जीव ओतून केलेले, उजेड संध्याकाळचा. तरीही दर वेळी तिथे मला खुर्चीत चुळबुळ व्हायची. मी तो तीन मिनिटांवर आणला, दीडवर आणला, शेवटची दोनच वाक्यं ठेवून बघितली. मग कळलं की दोष लांबीचा नव्हता. आपण का चाललोय हे इतक्या नीटस शब्दांत सांगता येणारी मुलं कदाचित घरीच बोलली असती, भांडली असती. शब्द सापडत नाहीत म्हणून तर ती निघतात. दिग्दर्शकाला हे पटायला पंधरवडा लागला. त्या सीनसाठी त्याने काय काय सोसलं होतं ते मला नंतर कळलं आणि वाईट वाटलं, पण सीन गेला.

आता तिथे भोक पडलं. ते कशाने भरायचं ते सुचेना, तेव्हा मी वही काढली. दुसऱ्याच दिवसाच्या पानावर गोल करून लिहिलेलं होतं: सीन ३१, टेक ४, बाटली.

सीन ३१ म्हणजे ती सॅक भरते. कपड्यांचे दोन जोड, शाळेचा दाखला, थोडे पैसे, पाण्याची बाटली. पहिल्या तीन टेकमध्ये ती हे सगळं सांगितल्याप्रमाणे करते. भीती, घाई, दाराकडे बघणं, सगळं जागच्या जागी. चौथ्या टेकमध्ये ती सॅक खांद्याला लावून बघते, थांबते, बाटली बाहेर काढते आणि अर्धं पाणी खिडकीतून ओतून देते. बूच घट्ट लावते. सॅक पुन्हा उचलून बघते. चेहऱ्यावर काहीही नाही. शाळेत निघालेल्या मुलीइतकी ती शांत आहे. दिग्दर्शकाने तो टेक एनजी, म्हणजे 'नो गुड', केला होता, कारण पुढच्या बसच्या सीनमध्ये तीच बाटली तिच्या मांडीवर आहे आणि ती काठोकाठ भरलेली आहे.

मी तो शॉट पाच-सहा वेळा पाहिला. किती चालावं लागेल आणि किती ओझं पेलेल याचा हिशेब करणारी मुलगी मनाने घराबाहेर पडलेली होती. गच्चीवरच्या चार मिनिटांना जे जमलं नाही ते या २२ सेकंदांत झालं होतं. दिग्दर्शकाला बोलावलं. त्याने पाहिलं आणि त्याच्या तोंडून आधी "बसमधली बाटली" हेच निघालं. बरोबरच होतं त्याचं. मर्च यांनी कट निवडण्याचे सहा निकष सांगितलेत आणि प्रत्येकाला वजन दिलंय. भावनेला १०० पैकी ५१, गोष्टीला २३, लयीला १०, आणि कोण कुठे उभं होतं, वस्तू कुठे होती या अवकाशातल्या सलगतेला शेवटचे ४. ते आकडे मोजपट्टीसारखे वापरायचे नसतात, पण पेचात सापडल्यावर मी ते आठवते. ५१ च्या बाजूला ती मुलगी होती आणि ४ च्या बाजूला बाटली. तरी ते ४ सुद्धा फुकट घालवायचे नाहीत. आमचं शूटिंग ४के मध्ये झालं होतं आणि चित्रपट त्याच्या निम्म्या रुंदीच्या २के मध्ये पूर्ण व्हायचा होता. त्यामुळे बसमधली फ्रेम मोठी करून बाटली खालून बाहेर काढता आली. पडद्यावर आता फक्त तिचे खांदे आणि खिडकी आहे. तो शॉट त्याने आणखी जवळचा झाला.

पळण्याचा सीन खरंच जबरदस्त होता. नऊ मिनिटं, पहाटेचा धुरकट उजेड, आणि मधेमधे तिच्या घरचे कट: आईला अंथरूण रिकामं दिसतं, वडील मोटारसायकल काढतात, काका फोन लावतात. हृदयाचे ठोके वाढत होते. मला अडचण त्या ठोक्यांचीच होती. घरचे दिसायला लागले की प्रेक्षकाला मुलांपेक्षा जास्त कळतं, आणि मग तो त्यांच्याबरोबर राहत नाही, वरून बघतो. कोण कोणाला गाठतंय एवढंच बघतो. आम्ही घरचे सगळे शॉट काढले. मुलांना जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच उरलं. सीन ३ मिनिटं ४० सेकंदांवर आला. मागे येणारी मोटारसायकल आता एकदाच फक्त ऐकू येते, आणि ती कोणाची आहे ते कधीच कळत नाही.

मग आम्ही चौदा जणांना बोलावून चित्रपट दाखवला. त्यातले सात जण याच वयाचे. दिवे लागल्यावर मोठी माणसं अभिनयावर, संगीतावर बोलली. एका मुलाने एकच प्रश्न विचारला: "तिने फोन बंद का नाही केला?" खोलीत शांतता. खरंच, सतरा वर्षांच्या कुठल्याही मुलाला माहीत असतं की फोन चालू म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं. आमच्या ६२ तासांत फोन बंद करण्याचा शॉटच नव्हता. तो मुलगा नसता तर आम्ही तो चित्रपट तसाच बाहेर सोडला असता. पॅच शूटला, म्हणजे राहिलेला शॉट नंतर घ्यायला, पैसे नव्हते. शेवटी आवाजावर भागवलं. बसमध्ये, ती खिडकीबाहेर बघत असताना, फोनची थरथर ऐकू येते, थांबते, पुन्हा सुरू होते. आणि मग फोन बंद होतानाची ती छोटी धून. चेहरा तोच, शॉट तोच. त्या धुनेनंतर बसचा आवाजसुद्धा वेगळा वाटायला लागतो.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. शेवटची वीस मिनिटं सगळे दाराकडे बघत होते. पडद्यावरच्या खोलीच्या दाराकडे. २०१६ साली आलेल्या 'सैराट'ने आपल्याला ते शिकवलंय. तिथे माहेरची माणसं पाहुणे म्हणून घरात येतात, आणि लहान मूल परत येतं तेव्हा आवाज पूर्णपणे थांबलेला असतो. ते पाहिलेला प्रेक्षक पळालेल्या जोडप्याच्या खोलीत निर्धास्त बसूच शकत नाही, आणि खऱ्या जगात जे घडतं ते बघता त्याने निर्धास्त बसावं असं म्हणण्याचा मला अधिकारही नाही. पण या भीतीपायी तो दारच बघत राहिला तर खोलीत काय चाललंय ते त्याच्या नजरेतून निसटतं. म्हणून आम्ही दारावरची थाप शेवटून उचलून तिसऱ्या दिवशी आणली. शेजारीण आहे, बादली मागायला आलीय. दोघं भिंतीला चिकटून उभी, श्वास रोखून. ती गेल्यावर दोघं हसत सुटतात, आणि त्या हसण्यात मुलगा रडायला लागतो. भीती तिथे येऊन गेली. मग प्रेक्षक खोलीत बसतो.

ते दिवस आता २१ पानांचे राहिले नाहीत. पहिल्या जुळणीत ते ३४ मिनिटांचे होते, शेवटच्या कटमध्ये ५१. एकूण चित्रपट १ तास ५८ मिनिटांवर आला असताना हा एकच भाग वाढला. पैसे मोजणं, दुसऱ्यांदा मोजणं. त्याला काम मिळत नाही. तिला शाळेच्या परीक्षेची तारीख आठवते आणि ती सांगत नाही. पहिलं भांडण दिव्यावरून: चालू ठेवायचा की बंद. या भागासाठी मी दिग्दर्शकाला १९६७ च्या 'द ग्रॅज्युएट'चा शेवट दाखवला. ती दोघं आमच्या मुलांपेक्षा मोठी, पण लग्नमंडपातून पळून बसच्या मागच्या सीटवर बसलेली. हसतायत. कॅमेरा थांबत नाही, आणि बघता बघता त्यांचं हसू विरतं. दिग्दर्शकाने ते तीनदा पाहिलं आणि म्हणाला, "ताई, आपला चित्रपट यांच्या पुढच्या स्टॉपवर सुरू होतो." त्या दिवसापासून त्याने पळण्याच्या सीनचं नाव काढलं नाही.

एक शॉट मी कोणाला न विचारता काढला आणि मग सांगितलं. खोलीतली पहिली रात्र. मुलगी पाठमोरी केस सोडतेय आणि कॅमेरा गरजेपेक्षा जास्त वेळ तिच्यावर रेंगाळतो. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. पण ती नटी १६ वर्षांची आहे, आणि तिच्याकडे बघणारा तो डोळा गोष्टीतल्या मुलाचा नव्हता. दिग्दर्शक थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "राहू दे काढलेला." पुढे आम्ही तो सगळा भाग तिला आणि तिच्या आईला बसवून दाखवला. संकलकाच्या खोलीत नटांना सहसा बोलावत नाहीत. अल्पवयीन मुलं असली तर बोलवावं, असं माझं आता पक्कं मत झालंय.

शेवट पटकथेत स्टेशनवर होता. दोघांना पकडतात, हात सुटतात, स्लो मोशन. आम्ही तो कापला, लावला, काढला. मग तिच्या चेहऱ्यावर फ्रेम गोठवून बघितली. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफॉ यांच्या १९५९ च्या 'द फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये पळालेला मुलगा समुद्रापाशी येऊन वळतो आणि चित्र त्याच्या चेहऱ्यावर थिजतं. तो शेवट त्या मुलाचा आहे, तो अख्खं चित्रपटभर धावलाय. आमच्या मुलीवर ते उसनं दिसलं. मग मी सीन ८८ उचलला. तो मुळात सहाव्या दिवसाचा. ती शेजारणीच्या फोनवरून घरी फोन लावते. आई उचलते. दोन्हीकडे कोणी बोलत नाही. हा सीन अकराव्या दिवशी नेला. कपड्यांची अडचण आली नाही, तिच्याकडे दोनच जोड होते. ४३ सेकंद नुसता तिचा चेहरा आणि कानात आईचा श्वास. ती बोलायला तोंड उघडते. तिथे कट. स्टेशन गेलं.

चित्र लॉक झाल्यावर, म्हणजे कापाकापी कायमची थांबल्यावर, डबिंगला ती नटी आली होती. ध्वनिमुद्रकाला सीन ३१ साठी तिचे श्वास हवे होते, कारण मूळ ट्रॅकवर पंख्याची घरघर होती. मी मागे बसले होते. पडद्यावर ती पाणी ओतत होती आणि ती मायक्रोफोनसमोर उभी राहून स्वतःकडे बघत श्वास देत होती. झाल्यावर ती बाहेर आली. मी इतके महिने जे मनात धरून होते ते विचारलं: "ते पाणी ओतून द्यायचं तुला कसं सुचलं गं?"

ती गोंधळली. "सुचलं नाही ताई. चौथा टेक होता ना. तोपर्यंत पट्टा खांद्याला रुतायला लागला होता."